जोडणीचे दशक

तबकडीवरचा आवाज कानापर्यंत आणायला तीन यंत्रे लागतात. टर्नटेबल तबकडी नेमक्या वेगाने फिरवते, टोनआर्म सुईला खाचेवर धरून ठेवतो आणि कार्ट्रिज सुईच्या थरथरीची वीज करते. तिन्ही कामे निराळी, म्हणून ती करणारे कारखानेही बरीच वर्षे निराळे होते आणि ऐकणारा आपल्या ऐपतीप्रमाणे व अकलेप्रमाणे त्यांची जोडणी करी. ही रीत मोडल्याच्या दोन खुणा सांगता येतात. मे २०१८ मध्ये शुअर या अमेरिकी कंपनीने कार्ट्रिज बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडातल्या स्टेनिंग गावच्या एसएमईने टोनआर्म सुटा विकणे बंद केले. हवा असेल तर कंपनीच्याच टर्नटेबलसकट घ्यायचा. एसएमईची मालकी २०१६ पासून पुण्याच्या कॅडेन्स समूहाकडे आहे, तेव्हा ही बातमी मराठी श्रोत्यांना तशी घरचीच होती.

या जोडणीच्या आधीची सत्तर वर्षे थोडक्यात उरकता येतात. एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा, बर्लिनरची सपाट तबकडी त्यानंतर दहा वर्षांनी, गौहर जान यांचे कोलकात्यातले ध्वनिमुद्रण १९०२चे. लाखेच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, किल्ली द्यायची स्प्रिंग, दर बाजूला नवी पोलादी सुई आणि तिच्यावर शंभर ग्रॅमहून जास्त भार. निवडीचा प्रश्नच नव्हता. १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि एका बाजूत वीस-बावीस मिनिटे मावू लागली. अमीर खाँ यांच्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. त्यातल्या विलंबिताला ऐसपैस जागा मिळाली ती यामुळे. मात्र खाच बारीक झाली, लाखेच्या जागी आलेले विनाइल तिच्यापेक्षा मऊ निघाले आणि सुईवरचा भार मोजक्या ग्रॅमांवर आणावा लागला.

१९५४ साली स्विंडनच्या गॅरार्ड कारखान्याने काढलेले ३०१ हे या नव्या काळाचे पहिले मोठे टर्नटेबल. मोटरचा दांडा रबरी चाकाला आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला फिरवी. जोर भरपूर, रचना दणकट. मोनो तबकडीत सुई फक्त आडवी हलत असल्यामुळे मोटरची उभी थरथर कोणाला ऐकू येत नसे. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ आला. खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरल्या गेल्या, सुईला वरखाली हालणेही भाग पडले आणि तीच थरथर घरघर होऊन स्पीकरमधून बाहेर पडली. त्यावर एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये उपाय काढला. अकूस्टिक रिसर्चच्या त्यांच्या एक्सए टर्नटेबलमध्ये थाळी आणि टोनआर्म एका चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तरंगत ठेवली होती. बाजूच्या लहानशा मोटरशी तिचा संबंध फक्त एका रबरी पट्ट्यापुरता. यंत्र स्वस्त होते. पुढे तीस-चाळीस वर्षे हीच कल्पना पुष्कळ महाग किमतीला विकली गेली.

टोनआर्मचे गणित याहून जुने आहे. तबकडी कापणारी सुई सरळ रेषेत केंद्राकडे सरकते. वाजवणारी सुई एका बिजागरीभोवती कंसात फिरते. त्यामुळे ती खाचेशी नेहमी थोडी तिरकी उभी राहते. नऊ इंची आर्मचे डोके सुमारे तेवीस अंशांनी वळवले आणि सुई थाळीच्या केंद्रापुढे पंधरा-अठरा मिलिमीटर जाऊ दिली, तर ही चूक बरीच आटोक्यात येते आणि दोन ठिकाणी शून्य होते. लोफग्रेन यांनी हे १९३८ मध्येच मांडले होते. ती दोन ठिकाणे केंद्रापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर पडतात. हा हिशेब चुकवणे परवडत नाही. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या कडेला जेमतेम वीस. तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते आणि बसवण्यातली मिलिमीटरभर गफलत शेवटच्या तानेत चरचरते. शिवाय वळवलेल्या डोक्यामुळे सुई सतत आत ओढली जाते.

अलास्टेअर रॉबर्टसन-एकमन यांची एसएमई ही बारकाईचे सुटे भाग करणारी कंपनी होती. १९५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक आर्म घडवला आणि त्यातून एसएमईचे ३००९ आणि ३०१२ आले, म्हणजे नऊ आणि बारा इंची. धारेवर तोललेला दांडा, पुढेमागे सरकणारी बैठक, आतली ओढ मारण्यासाठी दोऱ्याला लटकवलेले बारीकसे वजन: प्रत्येक दुरुस्ती ऐकणाऱ्याच्या हातात ठेवलेली. डोके काढण्या-घालण्याचा त्याचा सांधा पुढे जपानी आर्मांवरही रूढ झाला. रचनेइतकेच महत्त्व त्यामागच्या गृहीताला होते. गिऱ्हाइकाला मोजता येते, असे ती कंपनी धरून चालत असे.

१९७२ ते १९८२ हे दशक या गृहीताच्या भरभराटीचे, आणि त्याच्या घाताचेही. मात्सुशिताने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० बाजारात आणले होते. त्यात पट्टाही नाही, चाकही नाही. मोटरच्या अक्षावरच थाळी, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. १९७२ मध्ये एसएल-१२०० आले, तर १९७५च्या एसपी-१० मार्क टूमध्ये क्वार्ट्‌झ स्फटिकाने वेग बांधला. थाळी पाव सेकंदात पूर्ण वेग घेई आणि वेगातला चढउतार ०.०२५ टक्के होता. नभोवाणी केंद्रांनी ही यंत्रे पटापट घेतली.

ग्लासगोत आयव्हर टिफेनब्रुन यांच्या लिनचे सोंडेक एलपी१२ १९७३चे. रचना विल्चरांच्याच वंशातली, थोरेन्स कंपनीच्या टीडी १५० या टर्नटेबलवरून उतरलेली. बेअरिंग मात्र खरोखर उत्तम. टिफेनब्रुन यांचा सिद्धांत असा, की सगळे काही उगमापाशी ठरते. टर्नटेबलने गमावलेले पुढे कोणताही ॲम्प्लिफायर परत आणू शकत नाही. तोवर सगळे जग टर्नटेबलला निव्वळ फिरणारी थाळी समजत होते, त्यामुळे हे ठणकावून सांगणे गरजेचेच होते. पण सिद्धांताचा संप्रदाय व्हायला वेळ लागला नाही. ज्या खोलीत एलपी१२ ऐकवायचे तिथे दुसरी स्पीकरची जोडी असता कामा नये, असा दंडक निघाला. स्प्रिंगा ठरावीक काळाने पुन्हा लावून घ्याव्या लागत आणि ते काम प्रशिक्षित विक्रेत्यानेच करायचे. मोजमापांची भाषा करणारा बहिरा ठरू लागला. ब्रिटनच्या बऱ्याच नियतकालिकांनी ही भूमिका उचलली आणि डायरेक्ट ड्राइव्हला ‘निर्जीव’ ठरवून टाकले. स्वस्त जपानी नमुन्यांची हलकी प्लॅस्टिक पेटी या टीकेस पात्र होतीच. पण दोष पेटीचा होता आणि शिक्षा मोटरला झाली. १९७९चे एसएल-१२०० मार्क टू डिस्कोत आणि हिपहॉपवाल्यांच्या हातांत गेले, रोज रात्री आपटले-ओढले गेले आणि तरीही वेग सोडेना. घरी बसून ऐकणाऱ्यांनी यापासून काही शिकल्याची नोंद नाही.

या भांडणाच्या गदारोळात खरी विद्या मागे पडली. ती होती आर्म आणि कार्ट्रिजच्या सोयरिकीची. सुईमागचा कणा म्हणजे एक स्प्रिंग आणि आर्म हे तिच्यावरचे वजन. दोघांचा मिळून एक अनुनाद ठरतो. तो ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये पडावा. त्याखाली वाकड्या तबकडीची लाट असते, वर संगीत. सूत्र साधे आहे: एकूण वस्तुमान आणि लवचिकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ला भागायचे. शुअर व्ही१५ टाइप थ्री हे १९७३चे कार्ट्रिज सहा ग्रॅमचे. त्याची लवचिकता ३० धरून बारा ग्रॅमच्या एकूण वजनावर हिशेब केला, तर अनुनाद आठ हर्ट्‌झच्या वर येतो. तेच जड आर्मला लावून वजन पंचवीस ग्रॅमवर नेले, तर सहाच्या खाली. तबकडी जराशी वाकडी असली तरी स्पीकरचे पडदे फडफडू लागतात.

हे हिशेब कागदावर करणारे हौशी तेव्हा बरेच होते. एसएमईने हलक्या सुयांसाठी सीरीज थ्री काढला: टायटॅनियमचा दांडा, परिणामी वस्तुमान पाच ग्रॅमच्या आसपास. त्याच सुमारास वारे फिरले. डेनन, सुपेक्स, सुगानो यांचे कोएत्सू अशी जपानी मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजे पाश्चात्त्य घरांत शिरू लागली. त्यांचा कणा ताठ, सुईवरचा भार दोन ग्रॅमच्या पुढे, वीज शुअरच्या दहाव्या हिश्शाइतकी आणि आर्म हवा जड व कणखर. सीरीज थ्री बघता बघता पोरका झाला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. लग्नाच्या बाजारात पत्रिका बदलली होती.

याच दशकाची आणखी एक देणगी अपयशातून आली. जेव्हीसीच्या चार वाहिन्यांच्या सीडी-४ तबकडीला ४५ हजार हर्ट्‌झपर्यंतचे कोरीव काम वाचणारी सुई हवी होती. त्यासाठी शिबाता यांनी खाचेच्या भिंतीला उभी, लांबट टेकणारी सुई घडवली. चार वाहिन्या बुडाल्या, सुईचा आकार तगला. आजच्या महाग कार्ट्रिजांत त्याचेच भाऊबंद दिसतात.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सीडी विक्रीला आली. १९८४ मध्ये कॅनडात झालेल्या आंधळ्या चाचणीत टिफेनब्रुन यांच्यासमोर एलपी१२च्या आवाजाच्या वाटेत सोनीचे डिजिटल यंत्र घातले-काढले गेले. ते केव्हा घातले आहे, हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही. संप्रदायावर याचा काहीही परिणाम झाला नाही. एसएमईचा एकसंध मॅग्नेशियमचा सीरीज फाइव्ह १९८६ मध्ये आला, तोवर त्याचे गिऱ्हाईक पांगू लागले होते. नव्वदचे दशक डीजे मंडळींनी आणि काही हट्टी श्रोत्यांनी ओढून नेले. त्यात सांगण्यासारखे थोडेच.

मग तबकडी परत आली. २०२२ मध्ये अमेरिकेत एलपींचा खप नगांच्या हिशेबानेही सीडीच्या पुढे गेला. त्याच वर्षी मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या नावाजलेल्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा असल्याचे उघड झाले, आणि लाखोंच्या यंत्रांवर त्या वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांच्या ते कानी आले नव्हते. २०२३च्या एका अमेरिकी पाहणीत एलपी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवण्याचे यंत्र निघाले. लिनने त्याच वर्षी पन्नाशीनिमित्त जॉनी आयव्ह यांच्या लव्हफ्रॉम या रचनासंस्थेकडून सजवलेली अडीचशे एलपी१२ काढली, नगाला पन्नास हजार पौंड. टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेले एसएल-१२०० २०१६ मध्ये पुन्हा सुरू केले आणि चाळीस वर्षे डायरेक्ट ड्राइव्हला नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीतच ते आता वाढले जाते. यंत्रे वाईट नाहीत. त्यांतली कित्येक जुन्यांपेक्षा सरस आहेत. मात्र बरीचशी दुकानातून जुळवूनच येतात आणि १५९चे सूत्र विचारणारे गिऱ्हाईक विक्रेत्यालाही विचित्र वाटते.

जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी साठच्या दशकात घडलेले डेनन डीएल-१०३ अजून जवळपास त्याच मापांत बनते: ०.३ मिलिव्होल्ट, भार अडीच ग्रॅम, साधी गोल सुई. त्याला शोभेलसा जड, सुटा आर्म नवा मिळणे मात्र कठीण झाले आहे. मग हौशी लोक जुना ३०१२ शोधतात, हलक्या आर्मच्या डोक्यात पितळी पत्री सारून दोन-चार ग्रॅम वाढवतात आणि नंतरच्या ३००९मधली नायलॉनची धार काढून तिथे कांस्याची बसवतात.