खेळात झिजलेली कार्डेच ठरली मौल्यवान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटचे पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घातला जाई. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली जाऊ लागली आणि मुलांना संग्रहाचा छंद जडला. पुढे ही कार्डे च्युइंगगमसोबत मिळू लागली. मुलांनी ती खेळून झिजवली, घरच्यांनी रद्दीत टाकली. त्यामुळे सुस्थितीतील कार्डे दुर्मीळ झाली. बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे १९५२ मधील असेच एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

जुन्या कार्डांचे भाव वाढताना पाहून १९८० च्या दशकाअखेरीस पुढच्या पिढीने मात्र नवी कार्डे जपून ठेवली. कंपन्यांनीही भरमसाट छपाई केली. परिणामी, त्यांपैकी बहुतेक कार्डांना आज नगण्य किंमत मिळते.