मदतीचे मोल

मनुष्य मोबदल्यासाठीच राबतो, हे गृहीतक आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. जर्मनीतील लाइपझिग येथे वार्नेकेन व टोमासेलो या संशोधकांनी केलेले प्रयोग त्याला छेद देतात. २००६ सालच्या प्रयोगात कपडे वाळत घालणाऱ्याच्या हातून चिमटा निसटला; हात पोहोचेना, तेव्हा १८ महिन्यांच्या मुलांनी तो उचलून दिला. मुद्दाम टाकलेल्या चिमट्याकडे मात्र त्यांनी सहसा लक्ष दिले नाही! गरज कोणती, हे त्यांना उमगत होते. २००८ साली २० महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळण्याचा ठोकळा बक्षीस मिळाला. पुढे बक्षीस थांबताच, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची मदत घटली. आम्ही ज्याला प्रोत्साहन म्हणतो, ते येथे मारक ठरले. आपल्या घरांत तर लुडबुडणाऱ्या पोराच्या हातची केरसुणी आधी हिसकावून घेतली जाते आणि दहा वर्षांनी त्याच कामासाठी त्याला पैसे कबूल केले जातात.