कांडी आली, लस राहिली

लम्पी ओसरला आणि गोठ्यातली फवारणीही ओसरली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात पहिली आजारी जनावरं सापडली आणि बघता बघता राज्यातले जनावरांचे बाजार बंद पडले. माश्या, डास, गोचीड हे शब्द थेट मंत्र्यांच्या तोंडी आले. सांगली-साताऱ्यात ज्या गोठ्यांना वर्षानुवर्षं चुना लागला नव्हता, तिथंही पंप फिरले. लस फुकट, तीही दारात. साथ गेली आणि पंप परत द्राक्षबागेत गेले. माझा राग लम्पीवर नाही, तो विषाणूचा आजार. पण गोचिडानं त्याआधी कितीतरी वर्षं आमच्या गाई मारल्या, तेव्हा फुकट काही द्यावं असं कुणाला सुचलं नाही, हे डोक्यातून जात नाही.

विज्ञानाला मात्र सगळं ठाऊक होतं. ग्रिफिथ इव्हान्सनं १८८० साली डेरा इस्माइल खानात घोड्या-उंटांच्या रक्तात सर्राचे परोपजीवी पाहिले. हा आजार मोठ्या चावऱ्या माश्या पसरवतात. १८९३ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा रक्तज्वर गोचिडातून पसरतो, हे सिद्ध केलं. आमच्याकडं माण, खटाव, आटपाडी, जतच्या खिलाराला या ज्ञानाची फारशी गरज पडली नाही. वासरपणीच गोचीड चावायचं, थोडा ताप यायचा, आणि जगलेलं जनावर पुढं त्या आजाराला पुरून उरायचं. पुसेगावच्या नाहीतर खरसुंडीच्या यात्रेत बैल घेताना दात पाहायचे, भोवरा पाहायचा. रक्त कशाला पाहायचं?

चित्र पालटलं ते ऐंशीच्या दशकात, आणि ते दशक मी घरच्या दावणीशेजारी काढलं. दुधाच्या महापुराचे दिवस होते. एकात्मिक ग्रामीण विकासाच्या योजनेतून कर्ज आणि अनुदान मिळायचं. कानात विम्याचा बिल्ला मारला की जर्शी गाय दारात. डेअरीच्या वहीवरचा आकडा वाढला, आमच्या शाळेच्या फिया त्यातूनच गेल्या, ते नाकारणार नाही. पण ही गाय खिलारासारखी माळावर फिरणारी नव्हती. ती दिवसरात्र दगडमातीच्या गोठ्यात, आणि भिंतीच्या प्रत्येक फटीत गोचीड. गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्या ते टिपायच्या. पुढं त्याही पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात गेल्या.

थायलेरिया हा शब्द तेव्हा गावात कुणी उच्चारला नाही. आम्ही गोचीडताप म्हणायचो. ताप १०५-१०६ वर जायचा, खांद्यापुढची गाठ सुजायची, डोळ्यांतून पाणी, धाप, हिरड्या पांढऱ्याफटक. काही दिवसांत गाय आडवी. आधी दृष्ट काढली जायची, मग डॉक्टर यायचे आणि पिशवीतून बहुतेक वेळा बेरेनिलच निघायचं. गोचिडातूनच येणाऱ्या बबेसियाला, म्हणजे लाल लघवीच्या तापाला, ते औषध उत्तम. थायलेरियावर त्याचा उपयोग नाही. कानाच्या शिरेतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तर दोन्हींतला फरक दिसला असता. ती काच आमच्या दारात कुणी काढल्याचं मला आठवत नाही. थायलेरियावरचं औषध, ब्युपारव्हाकोन, आलं ते दशकाच्या शेवटी, आणि ते इतकं महाग की माणसं आधी गाईची किंमत आठवायची. आमची गाय मेली तेव्हा बिल्ला कुठंतरी तुटून पडला होता. विमा कंपनीनं दावा फेटाळला. बँकेनं हप्ते मात्र फेडून घेतले.

याच काळात माणसाच्या रक्ताची केवढी काळजी! हिवतापाचा कर्मचारी घरोघरी फिरायचा, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताची काच घ्यायचा, क्लोरोक्विन द्यायचा, भिंतीवर तारीख टाकून जायचा. १९७६ मध्ये देशात हिवतापाचे ६४ लाखांहून जास्त रुग्ण झाले, तेव्हा सरकार हादरलं आणि पुढच्याच वर्षी मोहिमेची नवी आखणी झाली. तो माणूस आमच्या गोठ्यावरून जायचा. आत डोकवायचं त्याचं काम नव्हतं, आणि ज्याचं होतं तो तालुक्याला.

सगळ्यात जास्त सलते ती लस. थायलेरियावरची रक्षाव्हॅक-टी देशातच, हैदराबादला तयार झाली. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून खेड्यापर्यंत नेणं अवघड, असं सांगायचे. अहो, होल्स्टीनच्या वीर्याची कांडी कशात येत होती? त्याच नायट्रोजनच्या भांड्यात, मोटारसायकलला बांधून, वाडीवस्तीवर! गाय पैदा करायला नायट्रोजन पोचत होता, तिला जगवायला पोचत नव्हता.

नंतरची वर्षं उसाची, पाणी योजनांची, मुक्त गोठ्यांच्या शिबिरांची; त्यात सांगण्यासारखं थोडं. एक घटना मात्र सांगायला हवी. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला अधूनमधून ताप येत राहिला, आणि त्याच्या रक्तात सर्राचे परोपजीवी सापडले. माणसाला सर्रा झाल्याचं पक्कं निदान जगात पहिल्यांदा झालं ते आपल्या राज्यात. या परोपजीवींना मारणारं एक प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हतं. सुरामिन या औषधानं तो बरा झाला. गावातल्या शेकडो लोकांचं रक्त तपासलं, कुणातच परोपजीवी मिळाले नाहीत. माणसाचा ताप होता म्हणून एवढा शोध लागला. बैलाचा असता तर एका इंजेक्शनवर भागलं असतं.

आता जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. गाय कुणाची, वेत कितवं, लस कोणती, सगळं मोबाईलवर. रक्त अजून बहुतेक ठिकाणी अंदाजानंच. तेव्हा उन्हाळ्यात-पावसाळ्यात गाईला ताप चढला आणि खांद्यापुढची गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांना इंजेक्शनाआधी कानाच्या रक्ताची काच घ्यायला सांगा. नाही म्हणाले तर तालुक्याच्या दवाखान्यात लेखी मागा.