विश्लेषण : कॅनडातील ‘सुपर पिग’ची अमेरिकेकडे मुसंडी, शिकारीने हा प्रश्न वाढतो कसा?

कॅनडातील कडाक्याच्या थंडीत रानडुकरे तग धरणार नाहीत, असा समज होता. तो खोटा ठरला आहे. सस्कॅचेवान, अल्बर्टा आणि मॅनिटोबा या प्रांतांत ही डुकरे फोफावली असून आता मोन्टाना, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा आणि मिनेसोटा या अमेरिकी राज्यांना त्यांची धास्ती वाटू लागली आहे. ‘बंदुका घ्या आणि मारून टाका’ हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय मात्र येथे उलटा पडतो. असे का होते?

ही डुकरे आली कुठून?

रानडुक्कर हा मूळचा युरोप व आशियातील प्राणी. उत्तर अमेरिकेत तो नव्हता. अमेरिकेत पाळीव डुकरे १५३९ मध्ये स्पॅनिश मोहिमेबरोबर फ्लोरिडात आली आणि त्यातली काही रानात पसरली. कॅनडातील कथा अलीकडची आहे. १९८० आणि ९० च्या दशकात शेतकऱ्यांना जोडधंदा मिळावा म्हणून युरेशियन रानडुकरांची आयात करण्यात आली. त्यांच्या मांसाला चांगला भाव मिळेल, अशी अपेक्षा होती. २००० नंतर ही बाजारपेठ कोसळली. काही डुकरे कुंपण फोडून पळाली, तर पोसणे परवडेना म्हणून काहींना मालकांनीच सोडून दिले.

सस्कॅचेवान विद्यापीठातील संशोधक रायन ब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या दशकात या डुकरांचा वावर असलेले क्षेत्र दरवर्षी सरासरी ८८ हजार चौरस किलोमीटरने वाढत होते. महाराष्ट्राच्या पाव भागाहून हे क्षेत्र मोठे आहे.

थंडीत टिकतात कशी?

पाळीव डुकरांशी झालेल्या संकरामुळे. रानडुकराकडून दाट केस आणि काटकपणा आला. पाळीव डुकराकडून मोठा देह आणि एका वेळी जास्त पिले देण्याची क्षमता आली. म्हणूनच त्यांना ‘सुपर पिग’ म्हटले जाते. देह जितका मोठा तितकी ऊब टिकवणे सोपे. शिवाय ही डुकरे पाणथळ जागेतील पाणकणसाचे गवत तोडून त्याचा ढीग रचतात आणि बर्फाखाली त्यात शिरून बसतात. एस्किमोंच्या बर्फाच्या घराला ‘इग्लू’ म्हणतात, त्यावरून संशोधकांनी या घरट्यांना ‘पिग्लू’ असे नाव दिले आहे. खाण्यासाठी मका, गहू, बार्ली, कॅनोला यांची अफाट शेते आहेतच.

नुकसान किती?

डुक्कर पीक खाते त्याहून जास्त तुडवते आणि उकरते. मुळे, किडे, पक्ष्यांची अंडी, हरणांची पाडसे असे काहीही त्याला चालते. पाणथळ जागा चिखलाने गढूळ होतात. अमेरिकेत सध्या ३० हून अधिक राज्यांत मिळून सुमारे ६० लाख रानटी डुकरे असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यामुळे शेतीक्षेत्राचे वर्षाला अडीच अब्ज डॉलरचे नुकसान होते, असे अमेरिकी कृषी खाते सांगते.

त्याहून मोठी भीती आहे ती आफ्रिकन स्वाइन फीवरची. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांसाठी तो जीवघेणा असतो. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो अद्याप पोहोचलेला नाही. मात्र २०२१ मध्ये तो कॅरेबियन बेटांवरील डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैतीत आढळला. जर्मनीत सप्टेंबर २०२० मध्ये एका मृत रानडुकरात हा विषाणू सापडताच चीनने जर्मन डुकराच्या मांसावर बंदी घातली. कॅनडाच्या वराहपालनाची मदारही निर्यातीवर आहे.

शिकार हा उपाय का ठरत नाही?

डुकरिणी आणि पिले कळपाने राहतात. शिकारी त्यातील एक-दोन टिपतो. बाकीची उधळून दूर पांगतात, नव्या जागी वस्ती करतात आणि सावध होऊन रात्रीच बाहेर पडू लागतात. मादी वर्षभरातच वयात येते आणि एका वितीत साधारण चार ते सहा पिले देते. त्यामुळे संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी सुमारे ७० टक्के डुकरे काढावी लागतात, असे मानले जाते. हौशी शिकारीतून हा आकडा गाठता येत नाही.

दुसरे कारण माणसाचे आहे. टेनेसी राज्याने १९९९ मध्ये डुकरांची राज्यभर अमर्याद शिकार खुली केली. पूर्वी ९५ पैकी मोजक्याच काउंटींत (जिल्ह्यांसारखे विभाग) असलेली डुकरे २०११ पर्यंत जवळपास ८० काउंटींत पोहोचली. शिकारीचा छंद भागावा म्हणून लोक डुकरे गाडीत घालून नव्या भागात नेऊन सोडत होते. अखेर २०११ मध्ये राज्याने ही खुली शिकार बंद केली.

मग काय केले तर चालते?

न्यूयॉर्क राज्याने उलट वाट धरली. डुकरे थोडी असतानाच २०१३ मध्ये त्यांची आयात आणि पैदास, तर २०१४ मध्ये शिकार बंद करण्यात आली. सरकारी पथकांनी सापळे लावून अख्खे कळप उचलले. २०१६ मध्ये राज्य रानटी डुकरांपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मोन्टानानेही शिकारीवर बंदी घातली असून, डुक्कर दिसल्यास नागरिकांनी तातडीने कळवावे यासाठी मोहीम चालवली आहे. कॅनडात ओन्टारियोने २०२२ पासून त्यांना आक्रमक प्रजाती ठरवून शिकारीला मनाई केली आणि युरेशियन रानडुकरांचे पालन २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले.

मोबाइलवरून दार पाडता येणारे मोठे पिंजरे, उष्णता टिपणारे कॅमेरे आणि ‘फितूर डुक्कर’ ही आता मुख्य साधने आहेत. एका डुकराच्या गळ्यात माग सांगणारा पट्टा घालून सोडले की ते आपल्या कळपाकडे जाते आणि ठावठिकाणा कळतो.

महाराष्ट्रातील रानडुकरांचे काय?

भुईमूग, मका, उसाची नासाडी करणारे आपल्याकडील रानडुक्कर याच प्रजातीचे आहे. पण ते येथलेच असून वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे आणि वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे त्याचे समूळ उच्चाटन हा येथे उद्देश असू शकत नाही. पिकांचे रक्षण आणि भरपाई हाच मुद्दा असतो. कॅनडात मात्र प्रश्न वेळेचा आहे. प्रेअरी प्रांतांतून ही डुकरे पूर्णपणे हटवण्याची संधी केव्हाच हुकली, असे ब्रूक यांचे मत आहे. सीमेपलीकडच्या राज्यांकडे ती अजून आहे. पहिला कळप दिसताच तो पूर्ण उचलला, तरच ती टिकेल.