यंत्रांतील मींड

वर्धा जिल्ह्यांत विसर्जनाच्या मिरवणुकींत ‘डीजे’च्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांपुढें कान झांकून उभा राहणारा गृहस्थ विजेच्या नृत्यसंगीताविषयीं चांगलें बोलेल, ही अपेक्षाच नको. पण दोष ध्वनिवर्धकांच्या जोराचा; त्या संगीताचा नव्हे.

मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलँड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें एकत्र जुळवून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. एक यंत्र ठेका धरी, दुसरें मंद्र स्वरांची साखळी फिरवी, आणि तिसऱ्यावर ते स्वतः राग वाजवीत. यांतलें दुसरें, टीबी-३०३, मोठें मौजेचें. त्याच्या सोळा घरांत स्वर आधीं भरून ठेवावयाचे. खूण केलेल्या स्वरावरून तें पुढच्या स्वरावर न तुटतां घसरत जातें. ओबडधोबड कां होईना, ही मींडच! बाजाच्या पेटीला ती साधत नाहीं. रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, तिला हेंहि एक कारण होतें.

पुढें १९८७ मध्यें शिकागोच्या तरुणांनीं याच यंत्रावर नृत्यसंगीताची एक नवी शाखा उभी केली. सिंगांची मुद्रिका मात्र २०१० सालीं पुन्हां निघेपर्यंत विस्मृतींत पडून होती.

आज या यंत्राची नक्कल घरच्या संगणकावर मिळते. हौशी माणसाची अडचण निराळीच आहे. मालकंस रचतांना एखाद्या घरांत चुकून पंचम पडला, तर यंत्र तो दर फेरीला निमूटपणें वाजवीत राहतें.