अर्धवट अपग्रेड टाळा, संगणक सांभाळा!

शिरूर, दौंड - पुणे-दौंड लोहमार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये पूर्ण झाले. मात्र त्या वर्षी या मार्गावर सुरू झालेली 'डेमू' सेवा डिझेलवरच धावली. विजेच्या लोकलसाठी नुसत्या तारा पुरत नाहीत, फलाटांची उंचीही जुळावी लागते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचेही तसेच आहे. तिचा एकच भाग नवा केला, तर उरलेले भाग त्याच्याशी जुळतीलच असे नाही.

लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात येते. त्याला अन्य कोणती पॅकेजेस आणि किमान कोणत्या आवृत्तीची लागतात, याची नोंद त्यातच असते. 'सी-डॅक'ची 'बॉस' ही प्रणाली ज्या डेबियनवर आधारलेली आहे, तिची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये, तर तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. 'जीलिबसी' ही पायाभूत लायब्ररी बाराव्या आवृत्तीत २.३६ होती, तेराव्यात ती २.४१ झाली. जुने प्रोग्रॅम बहुधा नव्या लायब्ररीवर चालतात. उलट मात्र घडेलच असे नाही. त्यामुळे तेराव्या आवृत्तीतील एखादे पॅकेज बाराव्यात घेतल्यास ते नव्या लायब्ररीही सोबत ओढते आणि त्यांच्याशी न जुळणारी जुनी पॅकेजेस काढण्याचा प्रस्ताव पडद्यावर येतो. घाईत 'होय' म्हटल्यास छपाईची किंवा मराठी टंकलेखनाची सोयही जाऊ शकते. पतसंस्था वा शाळेच्या कार्यालयात याचा अर्थ दिवसभराचे काम ठप्प, असा होतो.

काय काळजी घ्यावी?

- प्रथम माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.
- जुनी आवृत्ती पूर्ण अद्ययावत करावी. बाहेरचे पॅकेजस्रोत तात्पुरते बंद करावेत आणि रोखून धरलेली पॅकेजेस तपासावीत.
- एक आवृत्ती गाळून पुढे जाऊ नये. अकरावीवरून तेरावीकडे बारावीमार्गेच जावे.
- आधी नवी पॅकेजेस न आणणारे किमान अपग्रेड, नंतर पूर्ण अपग्रेड करावे.
- काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचूनच संमती द्यावी. अवलंबित्व डावलून सक्तीने पॅकेज बसवू नये.

एखादेच नवे सॉफ्टवेअर हवे असल्यास डेबियनचा 'बॅकपोर्ट्स' स्रोत पाहावा. त्यातील पॅकेजेस चालू स्थिर आवृत्तीसाठीच नव्याने बांधलेली असतात.

ग्रामीण भागात मधेच वीज जाण्याचा धोका असल्याने यूपीएस आवश्यक आहे. तरीही काम अर्धवट राहिलेच, तर यंत्रणा पुन्हा बसविण्याची घाई करू नये. अपूर्ण राहिलेल्या पॅकेजेसची मांडणी पूर्ण करण्याची आणि तुटलेली अवलंबित्वे दुरुस्त करण्याची सोय डेबियनमध्ये आहे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.