प्लास्टिकचा पैसा (लेखांक ७) : परदेशी मशीनवर रुपयाला नकार द्या

चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक आकडा तयार करते, म्हणून चुंबकीय पट्टीसारखी तिची सहज नक्कल होत नाही, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. चोरांना चिपने वेसण घातली, पण परदेशात प्रवाशाच्या खिशाला लागणारी एक गळती चोरीची नाहीच. ती कायदेशीर आहे आणि ग्राहकाच्या संमतीने होते. पॅरिसमधल्या रेस्टॉरंटात भारतीय कार्ड मशीनमध्ये घातलं की क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते कोणत्या देशाचं आहे, हे मशीनला कळतं. मग पडद्यावर बऱ्याचदा दोन रकमा येतात, एक युरोत आणि एक रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून माणूस तोच निवडतो. या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि माझ्या मते प्रवाशाने ती जवळजवळ नेहमीच नाकारावी.

युरो निवडले तर रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतं आणि तो घाऊक बाजारातल्या दराच्या जवळपास असतो. त्यावर आपली बँक शुल्क घेते. अनेक कार्डांवर ते २ ते ३.५ टक्के असतं, शिवाय त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० युरोच्या बिलावर ३.५ टक्क्यांचं कार्ड ४.१३ युरो जादा घेईल. रुपये निवडले तर दर ठरवते दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी, आणि तिचा नफा त्या दरातच मुरलेला असतो. अनेकदा दुकानदारालाही त्यातला वाटा मिळतो, त्यामुळे ग्राहकाने रुपये निवडण्यात त्याचाही फायदा असतो. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर नुकसान दुहेरी: बिलाच्या युरोंचे रुपये होतात आणि ते वळते करताना पुन्हा युरो.

यावर कोणी म्हणेल, रुपयांत पैसे दिले की निदान आपल्या बँकेचं शुल्क तरी वाचतं. तेही दर वेळी खरं नाही. दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका शुल्क लावतात. कार्डाच्या शुल्कपत्रकात ते दिलेलं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नक्की किती रुपये गेले हे तिथेच कळतं, नंतर दर बदलण्याची धास्ती उरत नाही. ही निश्चिती खरी आहे, पण महाग आहे. एक-दोन दिवसांत दर हललाच तर तो आपल्या बाजूनेही हलू शकतो. रूपांतराचा नफा मात्र दर वेळी आपल्याच खिशातून जातो. युरोपीय संघाने २०१९च्या नियमानुसार संघातल्या कार्डधारकांना हा जादा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवणं बंधनकारक केलं, ते हा खर्च ग्राहकाला दिसत नव्हता म्हणूनच. भारतीय कार्डधारकाने त्या संरक्षणावर विसंबू नये.

कधी वेटर स्वतःच रुपयांचं बटण दाबून मशीन पुढे करतो. कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे. म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचं चलन वाचा, रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला सांगा आणि स्थानिक चलनातच नव्याने करून घ्या.